कुरळ्या केसांचा राग नको

तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं, पण घरात मराठी बोलणारी कुटुंबं तिथं अजूनही आहेत. अशाच एका घरी मी पाहुणी म्हणून गेले होते. शुक्रवार होता, म्हणजे तेल लावून न्हायचा दिवस. न्हाऊन केस वाळले आणि थोड्याच वेळात मागच्या अंगणातून रडण्याचा आवाज आला. सहा वर्षांच्या लेकीचे दाट कुरळे केस आई बारीक दातांच्या फणीनं ओढून ओढून विंचरत होती.

''केस आहेत की काथ्या!'' ती वैतागली. आजींनी उपाय सुचवला, ''एकदा गोटा करून टाक. नवे केस सरळ येतील.''

दुपारी ती मुलगी हळूच मला म्हणाली, ''मावशी, माझे केस वाईट आहेत ना?''

सहा वर्षांच्या मुलीला असा प्रश्न पडावा, यात चूक केसांची की आपली?

गोटा केल्यानं काय होतं?

जावळ किंवा नवस हा श्रद्धेचा भाग झाला. पण केस सरळ व्हावेत म्हणून गोटा करण्यात अर्थ नाही. केस कुरळे की सरळ, हे त्वचेखालच्या मुळाच्या आकारावर ठरतं आणि वस्तरा तिथं पोहोचतच नाही. हा आकार बहुधा आईवडिलांकडून, आजीआजोबांकडून येतो.

कुरळे केस कोरडे का पडतात, तेही समजून घ्या. टाळूवरचा नैसर्गिक स्निग्धांश सरळ केसावरून सहज खाली उतरतो, वळणावळणाच्या केसावर मात्र तो टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यात तंजावर, मुंबई, कोकण इथली दमट हवा. हवेतला ओलावा शोषून केस फुलतात आणि पिंजारलेले दिसतात.

निगा अशी राखा

* न्हाण्यापूर्वी तासभर आधी खोबरेल तेल हलक्या हातानं लावा. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी होते.
* आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा केस धुवा. शिकेकाई वापरत असाल तर पूड वस्त्रगाळ करून घ्या, डोळ्यांत जाऊ देऊ नका. सौम्य शांपूही चालेल. नंतर कंडिशनर लावल्यास गुंता सहज सुटतो.
* टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुना सुती पंचा दाबून पाणी टिपा.
* केस ओलसर असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं विंचरा. सुरुवात टोकापासून करून हळूहळू वर जा. कोरडे केस विंचरू नका.
* शाळेसाठी दोन वेण्या जरूर घाला, पण सैल. रोज ताणून बांधल्यानं कपाळाजवळचे केस विरळ होतात. साध्या रबराऐवजी कापडी बँड किंवा रिबीन वापरा.
* रात्री एक सैल वेणी घाला, सकाळी गुंता कमी होईल.

सुटीच्या दिवशी केस मोकळे सोडून बाजूला दोन पिना लावल्या तरी कुरळ्या बटा शोभून दिसतात.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं केसांवर पाणी शिंपडलं आणि माझा रुंद दातांचा कंगवा मागून घेतला. मुलगी रडली नाही. आजी मोगऱ्याचा गजरा माळताना म्हणाल्या, ''माझ्या आईचे केस असेच होते. अगदी पणजीवर गेलीस गं!''

मुलगी आरशाकडे पळाली.

विंचरताना आपण जे बोलतो, ते मुलांच्या मनात घर करून राहतं. तेव्हा पुढच्या वेळी कंगवा हाती घेताना हातासोबत जिभेलाही थोडं सांभाळा.