देवबागची पुळण : सायकलवरून आणि पायी

मालवण तालुक्यातले देवबाग वाळूच्या अरुंद पट्टीवर वसलेले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि दक्षिण टोकाला दोहोंचा संगम. मालवणहून तारकर्लीमार्गे येणारा रस्ता याच पट्टीवरून संगमाकडे जातो. समुद्र किनारा कसा खातो हे समजण्यासाठी सायकलवरून आणि पायी, एकट्याने केलेली ही फेरी उत्तम. मोटारीतून माड आणि घरे दिसतात; सायकलस्वाराला समुद्राकडे उतरणाऱ्या प्रत्येक वाटेशी थांबता येते.

निघण्याची वेळ तिथीवरून ठरवावी. जुन्या हिशेबानुसार तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर ओहोटी बाराच्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास येते आणि पहाटेच्या ओहोटीला पाणी एरवीपेक्षा दूर जाते. अशा दिवशी उजाडताच पुळणीवर पोहोचावे. ओल्या, घट्ट वाळूवर सायकल चालते. कोरड्या वाळूत चाक रुतते आणि पायीच जावे लागते. मर्यादवेलीवर चाक घालू नये, कारण वाळू धरून ठेवण्याचे काम तीच करते.

चालताना धुपेच्या खुणा दिसतात : वाळूत कापला गेलेला उभा कडा, उघडी पडलेली मुळे, समुद्राकडे कललेले माड. पण एका फेरीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून पाण्याखाली तिचा बांध घालतात आणि ऑक्टोबरनंतरच्या शांत लाटा ती परत आणतात. वर्षानुवर्षे नेलेल्यापेक्षा कमी वाळू परत येते, तेव्हाच तिला धूप म्हणायचे. राष्ट्रीय सागरतट संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 या काळाच्या अभ्यासानुसार देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा असा झिजतो आहे.

कारणे अनेक आहेत. नद्यांवरची धरणे वाळू अडवतात, खाड्यांतला उपसा ती काढून नेतो आणि वाळूच्या टेकड्या सपाट करून बांधकामे उठतात. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2015 या काळात वर्षाला सरासरी 3.3 मिलिमीटरने वाढली. त्यात 2019चे क्यार, 2021चे तौक्ते अशी वादळे येतात आणि उधाण घरांपर्यंत पोहोचते.

यावर ठरलेला उपाय म्हणजे दगडी धूपप्रतिबंधक बंधारा. तो मागचे घर वाचवतो, पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते आणि बंधारा संपतो तिथे धूप वाढते. पुळण गेली की रापण ओढायला जागा उरत नाही, होड्या वर घेता येत नाहीत आणि समुद्री कासवांना अंडी घालायला वाळू मिळत नाही.

म्हणून क्रम बदलायला हवा. आधी उपसा थांबावा आणि टेकड्या व मर्यादवेल राखली जावी. 2019च्या किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवलेच आहे. जिथे घरे खरोखर धोक्यात आहेत तिथेच दगड पडावेत. फेरी मारणाऱ्यानेही दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये, सारख्याच ओहोटीला, ठरावीक जागांवरून छायाचित्रे घ्यावीत आणि ती ग्रामसभेपुढे ठेवावीत. पुळणीबद्दलचा निर्णय अशा नोंदी पाहूनच व्हावा.