मिथेनॉल इंधनघटाचे घोडे प्लॅटिनमपाशी अडले

तोशिबा कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये जपानच्या बाजारात ‘डायनारिओ’ नावाचे एक छोटे उपकरण आणले. त्यात मिथेनॉल भरायचे आणि त्यातून मिळणाऱ्या विजेवर मोबाइल चार्ज करायचा, अशी ही योजना होती. किंमत २९,८०० येन आणि विक्रीला काढलेले नग अवघे ३,०००. लॅपटॉप, मोबाइल सारे काही मिथेनॉलवर चालेल, असे त्या काळात सांगितले जात होते. ते घडले नाही, आणि त्याच्या कारणांत प्लॅटिनमचा वाटा मोठा आहे.

इंधन म्हणून मिथेनॉल मोहात पाडणारे आहे. ते द्रवरूप असल्याने हायड्रोजनसारखी उच्च दाबाची टाकी लागत नाही. एका लिटरमध्ये सुमारे ४.४ युनिट ऊर्जा साठलेली असते. मात्र जर्मनीच्या एसएफसी एनर्जी कंपनीचे बाजारात रुळलेले संच एका युनिटसाठी सुमारे ०.९ लिटर मिथेनॉल घेतात. म्हणजे पाऊण हिस्सा ऊर्जा वाटेतच जाते.

ही गळती मुख्यतः घटाच्या दोन इलेक्ट्रोडांवर होते. मिथेनॉलच्या एका रेणूतून सहा इलेक्ट्रॉन सुटतात, पण सहज नव्हे. मध्येच तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि पुढच्या रेणूला जागा देत नाही. रुथेनियम मिसळले की ते पाण्यापासून ऑक्सिजनयुक्त गट ओढून घेते आणि मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा उपाय कित्येक दशकांचा जुना आहे, तरीही प्रक्रिया मंदच राहते. मंद प्रक्रियेची भरपाई म्हणून उत्प्रेरक ओतावा लागतो. हायड्रोजन घटात चौरस सेंटिमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी प्लॅटिनम पुरते. मिथेनॉल घटात हे प्रमाण कित्येक मिलिग्रॅमपर्यंत जाते. त्यात थोडे मिथेनॉल पडदा ओलांडून पलीकडच्या इलेक्ट्रोडवर पोहोचते आणि तिथलाही व्होल्टेज खाली खेचते.

प्लॅटिनम कमी करण्यामागील तर्क साधा आहे. तीन नॅनोमीटरच्या कणातील जेमतेम एकतृतीयांश अणू पृष्ठभागावर असतात. उरलेले आत निष्क्रिय पडून राहतात. मग आत स्वस्त किंवा वेगळा धातू ठेवून वर प्लॅटिनमचा एकच थर का देऊ नये? अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने पॅलेडियमच्या गाभ्यावर असे थर चढवून दाखविले. आर्गॉन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्लॅटिनम-निकेलच्या एका विशिष्ट स्फटिकपृष्ठाची ऑक्सिजनवरील सक्रियता शुद्ध प्लॅटिनमच्या दसपट असल्याचे दाखविले. पण तो एकसंध स्फटिक होता, भुकटी नव्हे. शिवाय पडदा ओलांडून आलेल्या मिथेनॉलचा तिथे उपद्रव नव्हता.

प्रत्यक्ष घटात आम्लधर्मी वातावरणात निकेल विरघळते आणि पडद्याचे नुकसान करते. रुथेनियमही झिजून पलीकडच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसते. म्हणून ‘प्रति मिलिग्रॅम इतक्या पट’ अशा दाव्यांपेक्षा हजारो तासांनंतर काय उरले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. शोधनिबंधांच्या मथळ्यांत मात्र पहिला आकडाच झळकतो!

आपल्याकडे नीती आयोगाने ‘मिथेनॉल अर्थव्यवस्थे’चा पुरस्कार केला, ऑक्टोबर २०१८ मध्ये आसामात मिथेनॉलवरील स्वयंपाकाच्या शेगड्यांचा प्रकल्पही सुरू झाला. देशाला लागणारे बहुतांश मिथेनॉल मात्र आयात होते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि कारैकुडीची विद्युतरसायन संशोधन संस्था इंधनघटांवर दीर्घकाळ काम करीत आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात दाखविण्यात आलेली केपीआयटी-सीएसआयआरची बस हायड्रोजनवरची होती. मिथेनॉल घटाचा आग्रह धरायचा, तर उत्प्रेरकाचा हिशेब आधी मांडावा लागेल. खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के दक्षिण आफ्रिकेतून येते. प्लॅटिनम वाचविण्यासाठी रुथेनियम वाढवावे, तर त्याचे उत्पादन प्लॅटिनमच्या एकपंचमांशाहूनही कमी आहे, आणि तेही मुख्यतः त्याच खाणींतून उपउत्पादन म्हणून निघते.