माती कुणाची, नाव कुणाचं?

मातीत, शेणात, गवतात, दगडात काम करणाऱ्या कलावंतांना सध्या बरे दिवस आले आहेत. मोठ्या शहरांतल्या कलादालनांत लाल मातीचे ढीग, कच्च्या विटांच्या भिंती, गवताचे पेंढे मांडलेले दिसतात आणि सोबतच्या पत्रकात 'मातीशी नाळ', 'मुळांकडे परत' असे शब्द हमखास असतात. आम्हाला या कलेचं वावडं नाही. त्यातलं काही आम्हाला मनापासून आवडतं. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना मातीतून आणि शेणातून कधी बाहेरच पडू दिलं गेलं नाही, त्या समाजातल्या मुलामुलींनी हे शब्द जसेच्या तसे गिळू नयेत, एवढंच आमचं म्हणणं आहे.

पॅरिसमध्ये १९८९ साली 'मॅजिशियन्स द ला तेर', म्हणजे पृथ्वीचे जादूगार, या नावाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. पाश्चात्य आणि बिगरपाश्चात्य कलावंत समान पातळीवर आणायचे, अशी त्यामागची घोषणा. तिथं एका भिंतीवर ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी हातांनी चिखल थापून प्रचंड वर्तुळ काढलं. त्याच्या समोर जमिनीवर ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमू वस्तीतल्या वार्लपिरी आदिवासींनी मातीचं चित्र मांडलं. दोन्हींचं एकत्र छायाचित्र नंतर पुन्हापुन्हा छापलं गेलं. वरच्या वर्तुळाला माणसाचं नाव, खालच्या चित्राला वस्तीचं. समूहानं चित्र काढणं ही वार्लपिरींची स्वतःचीच रीत आहे, हे खरं. तरीही पाहणाऱ्याच्या मनात काय राहिलं? वर 'प्रतिभा' आणि खाली 'परंपरा'. प्रतिभेचा माणूस पुढच्या प्रदर्शनाला बोलावला जातो. परंपरेचा माणूस बदलला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

हेच लाँग पुढे आपल्या डहाणूत आले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या मुलखात त्यांनी काम केलं आणि २००३ साली जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फ शहरात दोघांचं एकत्र प्रदर्शन झालं. इथं मात्र म्हसे यांचं नाव लाँग यांच्या शेजारी होतं, आणि ते म्हसे यांनी स्वतःच्या हातानं मिळवलेलं होतं. लहानपणी आई गेल्यावर या मुलानं बोलणं सोडलं होतं आणि तो धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचा, असं सांगतात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे.

पण वारली चित्र मुळात कुणाचं? कुडाची भिंत शेणामातीनं सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा आणि पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठानं, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनं लग्नाचा चौक काढायचा. हे काम सवाशिणींचं होतं. लग्न लावणारी धवलेरीसुद्धा बाईच. ही कला भिंतीवर होती तोवर बायकांची होती. १९७० च्या दशकात ती कागदावर आली, तिला किंमत आली आणि नावं पुरुषांची झाली. आता शहरातल्या शाळेच्या भिंतीवर, चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर तारपा नाच असतो, पण एकाही सवाशिणीचं नाव आपल्याला पाठ नाही. तुम्हाला असेल तर जरूर कळवा, आम्हाला आनंदच होईल.

त्या चौकाच्या पलीकडेही पाहायला हवं. लग्नासाठी सावकाराकडून काढलेलं कर्ज फेडता आलं नाही की वारली पुरुष 'लग्नगडी' व्हायचा, म्हणजे लग्नापायी जमीनदाराचा गुलाम. ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक निघायचा, त्याच लग्नापायी घरातला माणूस गहाण पडायचा. १९४५ साली गोदावरी परुळेकरांसोबत वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्हींच्या विरोधात उठाव केला. 'निसर्गाशी एकरूप, निरागस आदिवासी' असं चित्र विकणाऱ्यांना हा इतिहास सोयीचा नसतो. आजही तसंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि आदिवासी किती वर्षं या बंदराला विरोध करत होते, हे पालघर जिल्ह्यात कुणालाही विचारा. चित्रातली माती सगळ्यांना हवी आहे, पायाखालच्या मातीबद्दल बोललं की माणूस विकासविरोधी ठरतो.

शेणाचं तर विचारूच नका. सुबोध गुप्ता यांनी १९९७ साली शेणाच्या गोवऱ्यांची खोली रचली होती. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शीला गौडा यांनी शेण हे माध्यम म्हणून हाती घेतलं होतं. दोघंही गंभीर कलावंत आहेत, त्यांच्यावर आमचा आक्षेप नाही. प्रश्न पाहणाऱ्याचा आहे. कलादालनात शेणाचा वास 'आठवणी जागवतो'. वाड्यातल्या गोठ्याचं शेण काढणाऱ्या बाईच्या हाताला तोच वास आला की तिला पाणी वरून ओतलं जायचं. वस्तू तीच, हात बदलला की शुद्ध-अशुद्ध बदलतं. पदार्थाला जात नसते, जात हाताला चिकटवलेली असते, आणि ती हाताकडून पदार्थात उतरते.

म्हणूनच १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, स्वाभिमानानं जगा, असं सांगितलं. एखाद्या पदार्थापासून हात काढून घेणं हीसुद्धा निर्मिती असते, हे आपल्या आजोबांच्या पिढीनं करून दाखवलं. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी मांडलं की जात ही श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे आणि तिच्यात माणसाच्या आवडीला, निवडीला जागा नाही. कलेच्या बाबतीत आम्हाला हाच मुद्दा कळीचा वाटतो. कलावंत माती निवडतो आणि कंटाळला की सोडतो. कुंभाराच्या पोराला ती जन्मानं मिळाली आणि त्याच्या कामाला नाव मिळालं 'हस्तकला'.

२०१६ साली उनामध्ये मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर दलितांनी मेलेली जनावरं आणून टाकली. गाईचं शेपूट तुमच्याकडेच ठेवा, आमची जमीन आम्हाला द्या, अशी त्यांची मागणी होती. नैसर्गिक पदार्थ वापरून या देशात झालेली इतकी धारदार मांडणी आम्हाला दुसरी आठवत नाही. तिचं प्रदर्शन कुठल्या दालनात भरलं नाही, ते बरंच झालं.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, मग मातीचं नावच नको. बलुतेदारीचा वास येतो, बाबासाहेबांनी शहरात जा सांगितलं, आपण संगणकावर चित्रं काढू. बाबासाहेबांनी खेड्याबद्दल संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला जे सुनावलं ते आम्हाला शब्दशः मान्य आहे. पण मातीला खेड्याच्या स्वाधीन करायची काय गरज? प्रभाकर कांबळे यांचं 'उतरंड' हे काम पाहा. आपल्या घराच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या मडक्यांची उतरंड सगळ्यांनी पाहिली आहे. वरच्या मडक्याचा भार खालच्यावर आणि सगळ्यांचा भार तळाच्यावर. हीच उतरंड जातीची आहे, हे कांबळे यांनी मडक्यांमधूनच दाखवलं आणि २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिकात ते काम जगासमोर गेलं. इथं माती 'मुळांकडे' नेत नाही, मुळावर बोट ठेवते.

बिरेंदर यादव यांनी वीटभट्टीच्या मजुरांवर काम केलं आहे. धगधगत्या भट्टीच्या माथ्यावर चालताना पाय भाजू नयेत म्हणून मजूर लाकडी खडावा घालतात, त्या खडावाच त्यांनी मांडल्या. ठाणे-रायगडच्या भट्ट्यांवर आम्ही कातकरी कुटुंबं पाहतो. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन येतात, पाऊस तोंडावर आला की जातात. हजार विटांमागे मजुरी, आणि हिशोब मालकाच्या वहीत. पोरं मातीतच खेळतात, मातीतच झोपतात. त्यांना 'मातीशी नाळ' हा शब्द ऐकवून पाहावा एकदा.

तेव्हा अशा प्रदर्शनाला गेलात तर मांडणीच्या शेजारी उभं राहून विचारा: ही माती कुणी खणली, विटा कुणी थापल्या, त्याला किती दिले, पाटीवर त्याचं नाव कुठे आहे? संयोजक गडबडतात. गडबडू द्या.

हे विचारायला आपल्यालाच अधिकार जास्त आहे, कारण आपला वारसा अजिंठ्याचा आहे. तिथल्या चित्रांखाली मातीचाच गिलावा आहे, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू घालून मळलेला. रंगही बहुतेक मातीचे आणि दगडाचे. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात दान देणारा वाकाटकांचा मंत्री वराहदेव आहे, गिलावा मळणारे आणि चितारणारे नाहीत. सांचीला मात्र महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं, असं लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच परंपरेत ही नोंद करता येत होती.

आता आपल्या गल्लीतल्या विहाराकडे वळू. दारातल्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं आहेत, उद्घाटकाचं आहे, नगरसेवकाचं तर सर्वांत मोठ्या अक्षरात आहे. बुद्धमूर्ती घडवणाऱ्याचं, कमान रंगवणाऱ्याचं, पाया खणणाऱ्या बायकांचं कुठे आहे? पाटीवर खाली अजून चार ओळींची जागा असते. येत्या वर्षावासाआधी विहार समितीच्या बैठकीत हा विषय ठेवा. ज्यांनी काम केलं त्यांचे फोन नंबर ठेकेदाराकडे अजून असतील.