टोगो : ध्वज स्वतःचा, चलन दुसऱ्याचे

१/ पश्चिम आफ्रिकेतील टोगो हा छोटा देश २७ एप्रिल १९६० रोजी स्वतंत्र झाला. ध्वज बदलला, राष्ट्रगीत आले. नोट मात्र फ्रान्सने १९४५ साली वसाहतींसाठी काढलेल्या ‘सीएफए फ्रँक’चीच राहिली.

२/ पहिले राष्ट्राध्यक्ष सिल्व्हानस ओलिंपियो यांना स्वतंत्र चलन हवे होते. १३ जानेवारी १९६३ रोजी त्यांची हत्या झाली. मारेकरी होते फ्रेंच सैन्यातून परतलेले, टोगोच्या सैन्यात जागा नाकारलेले असंतुष्ट सैनिक. ‘चलनासाठीच खून’ हे सिद्ध झालेले नाही. मात्र स्वतंत्र चलनाची योजना ओलिंपियोंबरोबरच संपली. त्याच वर्षी टोगो सीएफएच्या चलनसंघात सामील झाला.

३/ समर्थक म्हणतात, फ्रेंच फ्रँकशी बांधलेल्या दराने महागाई आटोक्यात राहिली. हे खरे आहे. पण त्याची किंमत कोणी मोजली? परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा अनेक दशके फ्रान्सच्या सरकारी तिजोरीत ठेवणे बंधनकारक होते.

४/ आणि ते स्थैर्य तरी टिकले का? जानेवारी १९९४ मध्ये अवमूल्यन झाले. ५० सीएफएला मिळणारा एक फ्रेंच फ्रँक एका रात्रीत १०० सीएफएचा झाला. फ्रेंच फ्रँकचा भाव स्थानिक चलनात दुप्पट झाला; मजुरी दुप्पट झाली नाही.

५/ स्वतंत्र चलन काढले की समृद्धी येते, असे इतिहास सांगत नाही. चुका स्वतःच्या चलनातही होतात. पण त्यांचा जाब आपल्याच राज्यकर्त्यांना विचारता येतो. लोमेच्या बाजारातील विक्रेतीने १९९४ चा जाब कोणाला विचारायचा होता? ज्या स्थैर्याची दोरी परक्या हाती असते, त्याला स्थैर्य नव्हे, मेहेरबानी म्हणतात.