मुंबई विमानतळाचा हिशेब

आपल्या बालाघाटची मुलं हल्ली नोकरी लागली की रोख्यांत पैसे गुंतवायचं म्हणतात. त्यांना मी मुंबई विमानतळाचं उदाहरण देतो. २०२२ मध्ये त्या कंपनीने रोख्यांतून ७५ कोटी डॉलर उभे केले. गुंतवणूकदारांपुढे प्रवासी, दुकानं, पार्किंग यांचे आकडे मांडले जातात. मी आधी देणी बघतो. मुंबईत १०० रुपये महसुलातले ३८.७० रुपये विमानतळ प्राधिकरणाचे. खर्च आणि व्याज उरलेल्यातून. उतरण्याचं शुल्क नियामक ठरवतो, मनासारखं वाढवता येत नाही. मार्च २०२० मध्ये उड्डाणं थांबली. कर्जावरचं व्याज थांबत नसतं. म्हणून मुलांनो, व्याजदर बघण्याआधी विचारा : सगळ्यांचं देऊन आपल्यासाठी किती उरतं, आणि वाईट वर्षी किती?