मक्याची धाटं आणि खताची गोणी

मलावीत मका एप्रिल-मेमध्ये निघतो. कणसं घरी गेली की रानात वाळलेली धाटं उरतात आणि पुढचा पाऊस थेट नोव्हेंबरात. मधल्या कोरड्या महिन्यांत जागोजागी धूर दिसू लागतो. कुणी नवे वरंबे घालायला रान मोकळं हवं म्हणून पेटवतं, कुणी उंदरांसाठी. शेतातले उंदीर, तिथल्या भाषेत ‘म्बेवा’, हे गरिबाघरचं मांस आहे. भाजलेले उंदीर काडीत अडकवून रस्त्याकडेला विकायला ठेवलेले असतात. ते बाहेर पडावेत म्हणून रान जाळण्याची रीत जुनी आहे.

या धुराची जगाच्या दप्तरात नोंद होते. समुद्रकिनारा नसलेल्या ३२ विकसनशील देशांचा संयुक्त राष्ट्रांनी एक गट केला आहे. मलावी, झांबिया आणि झिम्बाब्वे हे मक्यावर जगणारे तीन देश त्यात आहेत. मक्याचे अवशेष जाळल्यामुळे या गटातून किती मिथेन निघाला, याची आकडेवारी संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रसिद्ध करते.

हा आकडा शेतात जाऊन मोजलेला नसतो. मक्याखालचं क्षेत्र घ्यायचं, त्यातला ठरावीक हिस्सा जळाला असं धरायचं आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या ठोकताळ्यांनी गुणायचं, अशी ही रीत. तिच्या २००६च्या मार्गदर्शिकेप्रमाणे एक टन कोरडी धाटं जळाली की २.७ किलो मिथेन निघतो, आणि मक्याच्या रानात हेक्टरी १० टन अवशेष जळतात. पण मलावीतल्या छोट्या शेतकऱ्याला हेक्टरी दाणेच दोन टनांच्या आसपास मिळतात. त्याच्या रानात १० टन धाटं येणार कुठून? फार तर अडीच-तीन टन. त्यातलीही काही गुरं खातात, काही चुलीत जातात, काही वरंब्याच्या पोटात गाडली जातात. त्याच्या गावाने एक वर्ष काडीसुद्धा ओढली नाही, तरी कागदावरचा मिथेन कमी होणार नाही. पेरा वाढला तर मात्र तो वाढेल. ज्या देशांकडे स्वतःची मोजणी नाही त्यांच्यासाठी हे ठोकताळे केले आहेत, तेवढ्यापुरते ते ठीक आहेत. त्यांच्या आधारावर कुणी मलावीच्या शेतकऱ्याला हवामानाचा अपराधी ठरवू लागलं, तर ते मला मान्य नाही.

मिथेन खोटा नाही. धाटं ओलसर असली, ढीग दाबून रचलेला असला की आग भडकत नाही, धुमसत राहते, आणि अशा अर्धवट जळण्यात मिथेन जास्त निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. पण प्रमाणही पाहायला हवं. याच मार्गदर्शिकेत आफ्रिकेतल्या एका साध्या गुराचा वर्षाचा मिथेन ३१ किलो धरला आहे. तेवढा मिथेन व्हायला साडेअकरा टन धाटं जाळावी लागतील, म्हणजे चार-पाच हेक्टरांवरची सगळी.

तरीही ही आग थांबली पाहिजे असं मी ठामपणे म्हणतो, आणि त्याचं कारण जमिनीत आहे. एक टन धाटांत साधारण सहा-सात किलो नत्र असतं. जाळल्यावर त्यातलं बहुतेक हवेत जातं. पालाश राखेत उरतं, पण ती राख वाऱ्याने आणि पहिल्या जोरदार सरीने रानाबाहेर जाते. साडेतीन-चार टन धाटं जळाली की युरियाच्या ५० किलोच्या एका गोणीइतकं नत्र गेलं. मलावीला समुद्र नाही. ही गोणी मोझांबिकमधल्या बैरा किंवा नकाला बंदरात, नाहीतर टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये उतरते आणि तिथून पुढे शेकडो किलोमीटर जमिनीवरून येते. प्रत्येक टप्प्यावर तिचा भाव चढतो. सरकार २००५पासून या ना त्या योजनेतून खतावर अनुदान देत आलं आहे आणि त्यात त्याची तिजोरी रिकामी होते. ज्या देशात खत इतक्या लांबून आणावं लागतं, तिथे रानातलं नत्र जळून जाणं हे मिथेनपेक्षा मोठं नुकसान आहे.

ओलीचंही तसंच. २०२४ साली एल निनोच्या दुष्काळात झांबिया, मलावी आणि झिम्बाब्वे या तिघांनीही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. धाटांचं आच्छादन असलेल्या जमिनीत ओल जास्त दिवस टिकते, हे ऊस तुटल्यावर पाचट न पेटवता सरीत ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पण एकट्या मलावीकर शेतकऱ्याने ठरवून भागत नाही. सुगीनंतर गावाची गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात आणि त्याने राखलेली धाटं चरतात. शेजाऱ्याने लावलेली आग बांध ओलांडते. हा निर्णय गावाने मिळून घ्यावा लागतो, आणि गावाला त्यात काही मिळायला हवं.

ते मिळण्याची एक वाट आपल्या स्वयंपाकघरातून जाते. दक्षिण मलावीत मक्यात तूर पेरतात. मका निघाल्यावरही ती दोन-तीन महिने उभी असते, त्यामुळे तेवढा काळ रान पेटवता येत नाही. तिचा पाला गळून जमिनीला नत्र देतो, तुराट्या चुलीला होतात आणि तूर विकली जाते. २०२१ साली भारताने मलावीकडून पाच वर्षं, दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला. पुढचे करार करताना आपल्या सरकारने या छोट्या शेतकऱ्याच्या हाती पडणारा किमान भाव त्यात लिहून घ्यावा. त्याला तुरीचे पैसे खात्रीने मिळाले, तर तो ती अधिक रानात पेरील.