आवाज मोठा नको, शब्द स्पष्ट हवा

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम्यतेची सक्ती करतो, परंतु त्याखाली २०१७ साली केलेला पंधरावा नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा आहे. म्हणून तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आणि बंधनकारक नियम तयार करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे अडीच महिन्यांनी, २३ जानेवारी २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना ध्वनिवर्धकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट केले.

वरवर पाहता या दोन निर्णयांचा परस्परांशी संबंध नाही. पहिल्याची चर्चा उतरंडी, उद्वाहने आणि चाकांच्या खुर्च्या यांच्या संदर्भात झाली, तर दुसऱ्याची भोंग्यांच्या संदर्भात. आम्हाला मात्र हे दोन्ही निर्णय एकत्र वाचावेत असे वाटते. सभेला आलेल्या प्रत्येकाला सहभागी होता आले पाहिजे, असे एक निर्णय सांगतो. त्यासाठी आवाज वाटेल तितका वाढवण्याची मुभा नाही, असे दुसरा सांगतो. मग ज्याला ऐकू कमी येते त्याच्यापर्यंत शब्द पोहोचवायचा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे कुठेही नेता येणारी श्रवणसाहाय्य यंत्रणा. २०१६ च्या कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खाजगी इमारतींचाही समावेश आहे. त्यामुळे हा विषय आमच्या धर्मग्रामांच्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील १५० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात श्रवणदोष आहे आणि त्यांपैकी ४३ कोटी लोकांना उपचाराची वा साहाय्याची गरज आहे. साठीच्या पुढील व्यक्तींपैकी पंचवीस टक्क्यांहून अधिक लोकांचा श्रवणदोष दैनंदिन व्यवहारात अडथळा ठरावा इतका असतो, असे ही संघटना सांगते. म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यास शंभर जण उपस्थित असतील, तर त्यांतील किमान पंचवीस जणांना भाषण नीट ऐकू येत नसण्याची शक्यता आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५०.७ लाख नोंदवली गेली.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. आपल्या कायद्यानुसार दोन्ही कानांची श्रवणहानी ६० डेसिबलपर्यंत पोहोचल्यावरच ती व्यक्ती श्रवणदोष असलेल्या दिव्यांगांत मोडते. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानाची हानी ३५ डेसिबलच्या पुढे गेली की ती अडथळा आणणारी मानते. ३५ आणि ६० यांच्या मधल्या पट्ट्यात आपले असंख्य आजी-आजोबा आहेत. त्यांच्याजवळ कसलाही दाखला नाही. बऱ्याच जणांजवळ श्रवणयंत्रही नाही. शेजारचे उभे राहिले की ते उभे राहतात, इतर हसले की हसतात. घरी परतल्यावर ‘आज फादर काय बोलले?’ असे नातवाने विचारले, तर विषय बदलतात.

प्रश्न केवळ प्रवचनापुरता मर्यादित नाही. गावाच्या सभेत जमिनीचा, पाण्याचा किंवा एखाद्या प्रकल्पाचा विषय निघतो, तेव्हा सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे असे वृद्ध अनेकदा शेवटच्या रांगेत न ऐकताच बसलेले असतात. ठराव संमत होतो आणि सही त्यांचीही घेतली जाते. ज्याने चर्चा ऐकलीच नाही, त्याच्या संमतीला काय अर्थ उरतो?

आवाज वाढवून काय होते?

ऐकू येत नाही अशी तक्रार आली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: आवाज वाढवा, आणखी दोन स्पीकर लावा. हा उपाय बहुधा निष्फळ ठरतो, आणि त्यामागे शास्त्रीय कारण आहे. वाढत्या वयाबरोबर प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स्वर कानी पडतात, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरक विरून जातो. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही ज्येष्ठांची तक्रार अक्षरशः खरी असते. शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर असह्य होतो. त्यामुळे ऐकू न येणे आणि फार मोठे वाटणे यांतले अंतर कमी झालेले असते.

त्यात भर पडते जागेची. उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये किंवा पत्र्याच्या सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. मोकळ्या जागेत वक्त्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. पंख्यांचा आणि कुजबुजीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. ध्वनिवर्धक वाढवला की प्रतिध्वनीही तितकाच वाढतो. चांगले श्रवणयंत्रदेखील दोन-तीन मीटरपलीकडे फारसे उपयोगी पडत नाही, कारण ते बोलण्याबरोबर गोंगाटही वाढवते. श्रवणसाहाय्य यंत्रणा हे अंतरच मिटवते. वक्त्याच्या तोंडाजवळील माईकमधून आलेला आवाज प्रेषकाद्वारे थेट श्रोत्याच्या कानाशी पोहोचतो, आणि प्रत्येक जण तो आपल्या गरजेनुसार लहान-मोठा करू शकतो. बाहेरच्या जगाला मात्र काहीही ऐकू जात नाही.

चार प्रकार, चार स्वभाव

बाजारात या यंत्रणेचे मुख्यतः चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार म्हणजे इंडक्शन लूप. जागेभोवती तार अंथरून तीत आवाजाचा विद्युतप्रवाह सोडला जातो आणि श्रवणयंत्रातील ‘टी-कॉइल’ तो चुंबकीय लहरींतून टिपते. ज्यांच्या यंत्रात ही सोय आहे त्यांना वेगळे काही लावावे लागत नाही, हा याचा मोठा गुण. सुटसुटीत, उचलून नेता येतील असे लूपही मिळतात. परंतु इमारतीतील लोखंडामुळे त्यांची शक्ती क्षीण होते, विजेच्या तारांमुळे गुणगुण ऐकू येते, आणि श्रवणयंत्र नसलेल्यांसाठी वेगळा रिसीव्हर ठेवावाच लागतो.

दुसरा प्रकार रेडिओलहरींचा. पर्यटकांचे गट मार्गदर्शकाचे बोलणे ऐकण्यासाठी जे छोटे रिसीव्हर कानाला लावून फिरतात, ते याच जातीचे. खिशातला प्रेषक, हवे तितके रिसीव्हर आणि चार्जिंगची पेटी असा हा संच मोकळ्या मैदानात, यात्रेत आणि चालत्या मिरवणुकीतही काम देतो. सामूहिक कार्यक्रमांसाठी बहुतेक वेळा हाच सोयीचा ठरतो. त्यावर एकाहून अधिक वाहिन्या असल्यास एकीवर मराठी आणि दुसरीवर कोकणी वा इंग्रजी अनुवादही देता येतो.

तिसरा प्रकार अवरक्त किरणांचा. हे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणून गोपनीय बैठकींसाठी ही यंत्रणा उत्तम. मात्र उन्हात ती निरुपयोगी ठरते. उघड्या मांडवात ती नेऊ नये.

चौथा प्रकार मोबाईल फोनवर आधारलेला आहे. वाय-फायवरून आवाज फोनमध्ये येतो आणि श्रोता आपलाच इयरफोन वापरतो. खर्च वाचतो, पण आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि ऐंशीच्या घरातील आजीबाईंनी ॲप उघडावे ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. ब्लूटूथच्या नव्या पिढीतील, २०२२ साली जाहीर झालेले ‘ऑराकास्ट’ हे तंत्र याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. त्यात एका प्रेषकावरून अमर्याद श्रवणयंत्रांना थेट आवाज पाठवता येतो. भविष्य त्याच दिशेने जाईल असे दिसते. परंतु आज आपल्या ज्येष्ठांच्या कानांत असलेली बहुसंख्य यंत्रे ते ओळखत नाहीत. म्हणून सध्या रेडिओचा संच घ्यावा आणि पुढे नवा प्रेषक त्याच ध्वनियंत्रणेला जोडता येईल याची खातरजमा करून ठेवावी.

निवड करताना

आमच्या मते खरेदीची सुरुवात दुकानातून न होता श्रोत्यांपासून व्हावी. समितीने प्रथम आपल्या ज्येष्ठांना विचारावे: किती जणांना ऐकू कमी येते? किती जणांजवळ श्रवणयंत्र आहे? त्यात टी-कॉइल आहे काय, आणि ती सुरू करून दिलेली आहे काय? पुष्कळ यंत्रांत ती असूनही बंद असते. श्रवणतज्ज्ञांकडून ती सुरू करून घ्यावी लागते. श्रवणयंत्र असलेल्यांना गळ्यात अडकवण्याचा छोटा लूप द्यावा, म्हणजे कानातील यंत्र काढावे लागत नाही. इतरांसाठी कानावर बसणारे साधे हेडफोन पुरेत. कानात खुपसण्याचे इयरफोन सर्वांत मिळून वापरू नयेत.

रिसीव्हर किती घ्यावेत, याचा एक ठोकताळा अमेरिकेच्या सुगम्यता नियमांत सापडतो. पन्नास आसनांपर्यंत दोन, आणि त्यापुढील ५०० आसनांपर्यंत दर पंचवीस आसनांमागे एक, असे ते प्रमाण आहे. म्हणजे ५०० आसनांच्या सभागृहासाठी वीस रिसीव्हर, त्यांतील चौथा हिस्सा श्रवणयंत्राशी जुळणारा. तेथील धार्मिक संस्थांना त्या कायद्यातून सूट आहे, आणि आपल्यावरही तो लागू नाही. परंतु हिशेबासाठी हे प्रमाण उपयोगी आहे. ज्येष्ठांच्या कार्यक्रमांसाठी अर्थातच अधिक लागतील.

तिसरी काळजी लहरींच्या पट्ट्याची. परदेशातील आप्तांनी प्रेमाने पाठवलेला संच भारतात वापरण्यास योग्य असेलच असे नाही. अमेरिकेत अशी यंत्रे ७२ किंवा २१६ मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहेत. विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचे मान्यतापत्र मागावे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गर्दीत अडतात, म्हणून प्रेषक श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच ठेवावा.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष चाचणीची. रिकाम्या सभागृहात संच उत्तम वाजतो; खरी परीक्षा गर्दीत होते. खरेदीपूर्वी तो एखाद्या कार्यक्रमासाठी भाड्याने घ्यावा, आणि निर्णय तरुण तंत्रज्ञाच्या कानांवर न सोपवता ज्यांना तो वापरायचा आहे अशा चार-पाच ज्येष्ठांच्या हाती द्यावा. मोठी बटणे, सहज फिरणारी आवाजाची कळ आणि दिवसभर टिकणारी बॅटरी यांचे मोल त्यांनाच अधिक कळते. शेजारशेजारच्या धर्मग्रामांनी मिळून एकच संच घेण्याचा विचारही करावा. तो उचलून नेता येतो, हाच तर त्याचा गुण आहे.

यंत्रानंतरचे काम

यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे नाही. कपाटात धूळ खात पडलेले रिसीव्हर ही कोणत्याही समितीला भूषणावह गोष्ट नव्हे. चार्जिंग, स्वच्छता, वाटप आणि परत घेणे यांसाठी दोन स्वयंसेवक नेमून द्यावेत. प्रवेशद्वाराशी फलक लावावा आणि आरंभी घोषणाही करावी, कारण ‘मला ऐकू येत नाही’ असे स्वतःहून सांगावयास पुष्कळांना संकोच वाटतो. प्रत्येक वक्त्याने माईकमध्येच बोलावे. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको’ असे म्हणणारा वक्ता रिसीव्हर लावून बसलेल्यांना मूक भासतो. श्रोत्यांतून आलेला प्रश्नही माईकवर पुन्हा सांगावा.

आणखी एक दक्षता अत्यंत महत्त्वाची आहे. रेडिओलहरी भिंती ओलांडतात. तपसाधनेच्या दिवशी प्रवचनकार धर्मगुरूंच्या छातीवरचा माईक प्रवचनानंतर बंद झाला नाही आणि ते पापनिवेदन ऐकण्यास बसले, तर काय अनर्थ ओढवेल याची कल्पनाच केलेली बरी. प्रवचन संपताच प्रेषक काढून स्वयंसेवकाच्या हाती द्यावा, हा नियम अपवादाविना पाळला जावा.

जे पूर्णतः कर्णबधिर आहेत त्यांना या यंत्रणेचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा आणि पडद्यावर लिखित मजकूर हवा. तो वेगळा हक्क आहे, आणि रिसीव्हरची पेटी विकत घेऊन तो फिटत नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवणदोषांच्याच क्षेत्रात काम करते. समित्यांनी अशा संस्थेतील तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा.

न्यायालयाचा आदेश आणि सरकारचे नियम आपल्याला भाग पाडतील तेव्हा ही सोय करणे, हा एक मार्ग आहे. त्याआधी आपल्याच बाकावर बसलेल्या माणसाला ‘तुम्हाला ऐकू येते ना?’ असे विचारणे, हा दुसरा. येत्या पाळकीय परिषदेच्या बैठकीत ध्वनिवर्धकांच्या दुरुस्तीचा खर्च मंजुरीसाठी येईल, तेव्हा सदस्यांनी हा दुसरा प्रश्नही कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.